तालुक्याच्या प्रयोगशाळेत बिस्मथ टेल्युराइडचा थर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अर्धवाहकाचा पातळ थर म्हटलं की व्हॅक्यूमचं यंत्र, आर्गॉनचे सिलिंडर आणि लाखांतली कोटेशनं आठवतात. पुसद, दर्यापूर, चिमूर नाहीतर ब्रह्मपुरीच्या कॉलेजातला विद्यार्थी मग तिथेच विषय सोडतो. इलेक्ट्रोडिपॉझिशनला, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पट्टीवर थर उतरवण्याला, यातलं काहीच लागत नाही. बीकर, आम्ल, दोन-तीन क्षार आणि काही मिलिअँपिअर प्रवाह एवढ्यावर काम सुरू होतं. सामान स्वस्त असलं तरी रसायन मात्र नेमकं हवं. नवशिक्यांचा सगळा जीव पोटेन्शियलचा आकडा शोधण्यात जातो. खरं तर थरात कोणतं मूलद्रव्य किती उतरणार हे बरंचसं बीकरमध्येच ठरलेलं असतं: कशाची संहती किती, द्रावण हलतंय की स्थिर आहे आणि तापमान किती यावर. म्हणून पुढच्या मजकुरात बीकरलाच जास्त जागा दिली आहे.

कशापासून सुरुवात करावी

पाठ्यपुस्तकांत पहिलं उदाहरण बहुधा कॅडमियम टेल्युराइडचं असतं. त्याला कारणही आहे. १९७८ मध्ये पाणिकर, क्नास्टर आणि क्रोगर या संशोधकांनी जलीय द्रावणातून हा थर टाकून दाखवला, आणि त्याच वर्षी क्रोगर यांनी दोन मूलद्रव्यं एकत्र कशी उतरतात याचा सिद्धान्त मांडला. पुढे बीपी सोलर या कंपनीने याच वाटेने सौर पॅनेलही बनवली. २००२ मध्ये ते काम बंद झालं. तरीही पहिल्या प्रयोगाला कॅडमियम घेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत सिंकचं पाणी मागच्या नालीत जातं, नाली शेताच्या धुऱ्याशी संपते आणि पलीकडे कुणाची तरी विहीर असते. कॅडमियमला तिथे जागा नाही.

बिस्मथ टेल्युराइड घ्या. थर्मोइलेक्ट्रिक कामासाठी, म्हणजे तापमानातल्या फरकातून वीज काढण्यासाठी, खोलीच्या तापमानाला हे अजूनही पहिल्या पसंतीचं द्रव्य आहे. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या गटाने २००३ मध्ये १२६ सूक्ष्म खांबांचं थर्मोइलेक्ट्रिक उपकरण इलेक्ट्रोडिपॉझिशननेच बनवलं होतं. शिवाय याचा बाथ, म्हणजे थर ज्यातून उतरतो ते द्रावण, खोलीच्या तापमानाला चालतो, आणि पुढे त्यात सेलेनियम मिसळून खरा मिश्र अर्धवाहकही करता येतो.

पाणी आधी तपासा

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं. पट्ट्याबाहेरही कठीण पाणी नेहमीचंच आहे. कॉलेजच्या ऊर्ध्वपातन यंत्राच्या हीटरवर क्षारांचा जाड थर बसलेला असेल तर त्यातून उडालेले थेंब पुढच्या भांड्यात जातात, आणि नाव ‘डिस्टिल्ड’ असलं तरी पाणी तसं राहत नाही. परीक्षा सोपी आहे. परीक्षानळीत पाणी घ्या, नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळपणा आला तर क्लोराइड आहे, ते पाणी वापरू नका. बिस्मथ आणि क्लोराइड एकत्र आले की आम्ल कमी पडताच बिस्मथ ऑक्सिक्लोराइडचा पांढरा साका बसतो, आणि थर धुताना तर आम्ल कमी होतंच. बॅटरीच्या दुकानातलं पाणी चालेल, पण प्रत्येक नवी कॅन उघडली की हीच परीक्षा करा.

बाथ

२५० मिलिलिटर बाथसाठी प्रमाण असं: नायट्रिक आम्ल १ मोलर, बिस्मथ ७.५ मिलिमोलर, टेल्युरियम १० मिलिमोलर. तोलाच्या भाषेत संहत नायट्रिक आम्ल (७० टक्के) सुमारे १६ मिलिलिटर, बिस्मथ नायट्रेट पेंटाहायड्रेट ०.९१ ग्रॅम आणि टेल्युरियम डायऑक्साइड ०.४० ग्रॅम.

क्रम मोडू नका. आधी टेल्युरियम डायऑक्साइड १६ मिलिलिटर संहत आम्लात टाकून किंचित कोमट करत ढवळा. हे काम धीराचं आहे. पावडर पटकन विरघळत नाही आणि घाईने पाणी ओतलं तर ती तळाशी जाऊन बसते. द्रावण पूर्ण नितळ झालं की ते थोड्या पाण्यात सावकाश सोडा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. मग बिस्मथ नायट्रेट टाका. ते नुसत्या पाण्यात विरघळवायला गेलात तर पांढरं गढूळ होईल, कारण पुरेसं आम्ल नसलं की बिस्मथचं जलविघटन होतं. शेवटी २५० ची खूण गाठा. तयार बाथ पाण्यासारखा स्वच्छ दिसला पाहिजे. धूसर दिसला तर गाळून वापरायचा मोह टाळा: गाळणीवर राहिलेला माल म्हणजे तुमचं बिघडलेलं प्रमाण.

काळजी कशाची घ्यायची तेही इथेच. संहत नायट्रिक आम्ल फ्यूम हूडमध्ये हाताळा. हूड नसेल तर दोन्ही बाजूंनी उघड्या खिडक्यांच्या खोलीत, वाऱ्याला पाठ देऊन. पातळ हातमोज्यांवर भरवसा नको, आम्लाचा थेंब पडला की हातमोजा बदला. ॲसिटोन किंवा स्पिरिटने धुतलेली वस्तू पूर्ण सुकल्याशिवाय या आम्लाजवळ आणू नका, आणि दोघांचा कचरा एका बाटलीत तर कधीच नको. ती बाटली फुटू शकते. टेल्युरियम अगदी थोडं जरी शरीरात गेलं तरी श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. घरच्यांनी विचारलं, ‘आज लसणाची चटणी खाल्ली का रे?’ तर समजा की हातमोजे आणि खिडकी या दोन्हींकडे दुर्लक्ष झालं आहे.

तीन इलेक्ट्रोड

थर बसणार त्या पट्टीसाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. तांबं चालणार नाही, नायट्रिक आम्लात ते स्वतःच विरघळतं. पट्टी बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, साबणाने धुवा, ॲसिटोनने पुसून सुकवा, पुन्हा पाण्याने धुवा. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप लावून नेमकं १ चौरस सेंटिमीटर उघडं ठेवा. क्षेत्रफळ माहीत नसेल तर पुढचे सगळे आकडे निरर्थक.

समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल तर उत्तम, नसेल तर ग्रॅफाइटचा दांडा. जुन्या सेलमधला दांडा वापरायचा तर आधी पाण्यात उकळून त्यातले क्षार काढून टाका. थोडी काळी भुकटी तरीही सुटेल, सरावापुरतं ते चालतं. स्टीलचा तुकडा मात्र ॲनोड म्हणून लावू नका. त्यातलं लोखंड, क्रोमियम आणि निकेल बाथमध्ये उतरतं.

संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा मिळतो. त्यातलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतं म्हणून तो थेट बाथमध्ये बुडवू नका. मधे पोटॅशियम नायट्रेट आणि अगारने भरलेली छोटी वाकडी नळी ठेवा.

पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे पट्टीचं पोटेन्शियल ठरवून ठेवणारं यंत्र, नसेल तरी काम अडत नाही. १२ व्होल्टची बॅटरी आणि ४.७ किलोओहमचा रोध एकसर जोडला की १ चौरस सेंटिमीटरच्या पट्टीतून साधारण २.२ मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि सेलचा व्होल्टेज थोडा इकडेतिकडे झाला तरी तो जवळपास स्थिर राहतो. पट्टी आणि संदर्भ इलेक्ट्रोड यांच्यात साधा डिजिटल मल्टिमीटर लावा. पट्टीचं पोटेन्शियल त्यावर वाचता येतं. बॅटरीचा आणखी एक फायदा सांगायलाच हवा. थर अर्धा झाला आणि लाईन गेली तर वीजपुरवठ्यावरचा सेल मोकळा पडतो, आणि थर नायट्रिक आम्लात तसाच उभा राहून वरून खराब व्हायला लागतो. परत वीज आल्यावर चढवलेला थर हा दुसरा थर असतो, पहिल्याचा पुढचा भाग नव्हे. बॅटरीवर असाल तर भारनियमनाचं वेळापत्रक बघायची गरज उरत नाही.

थर टाकण्याआधी आलेख

ही पायरी सगळे वगळतात आणि मग महिनाभर ‘असं का होतंय’ म्हणून विचारत फिरतात. पोटेन्शिओस्टॅट असेल तर चार सीव्ही (सायक्लिक व्होल्टॅमोग्राम, म्हणजे पोटेन्शियल बदलत काढलेले प्रवाहाचे आलेख) घ्या: नुसतं आम्ल, आम्ल अधिक टेल्युरियम, आम्ल अधिक बिस्मथ, आणि शेवटी दोन्ही. ०.५ व्होल्टपासून उणे ०.५ व्होल्टपर्यंत, सेकंदाला १० मिलिव्होल्ट. पोटेन्शिओस्टॅट नसेल तर वेगवेगळे रोध लावून प्रवाह बदला, दर वेळी मल्टिमीटरवरचं पोटेन्शियल लिहा आणि आलेख हाताने काढा. वेळ लागेल, पण चित्र तेच दिसतं.

यात बघायचं काय? प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत टेल्युरियमचं प्रमाण पोटेन्शियल सुमारे ०.५५ व्होल्ट आहे, बिस्मथचं ०.३२. आपल्या संहतींना नर्न्स्टचं समीकरण लावून सिल्व्हर क्लोराइडच्या मापात आणलं (०.२० वजा करा), तर टेल्युरियम साधारण ०.३२ ला आणि बिस्मथ ०.०८ ला उतरायला हवं. म्हणजे टेल्युरियम आधी, बिस्मथ मागून. मग दोन्ही एकत्र कसे उतरतात? क्रोगर यांचं उत्तर असं की बिस्मथला एकट्याने उतरायचंच नसतं. पृष्ठभागावर टेल्युरियम तयार असलं की त्याच्याशी संयोग होताना ऊर्जा सुटते, आणि तेवढ्या ऊर्जेने बिस्मथचं काम सोपं होतं. बिस्मथ टेल्युराइडची निर्मिती मुक्त ऊर्जा मोलला सुमारे उणे ७७ किलोज्यूल आहे. ती बिस्मथच्या सहा इलेक्ट्रॉनांवर वाटली की ०.१३ व्होल्ट येतात. तेवढं अलीकडेच, म्हणजे ०.२१ व्होल्टच्या आसपास, बिस्मथ संयुगात शिरू शकतं. बाजारात एकट्याला उधारी न मिळणाऱ्याला जामीनदार मिळाला की मिळते, तसंच काहीसं.

हे गणित कागदावरचं. प्रत्यक्षात टेल्युरियमची अभिक्रिया मंद आहे, त्यामुळे दोघांच्या द्रावणाच्या आलेखातली प्रवाहाची मोठी लाट ०.२१ ला न दिसता शून्याच्या आसपास किंवा त्याच्या जरा खाली दिसते. तुमच्या आलेखावर ती कुठे आहे ते नोंदवा. तोच तुमचा आकडा. कुणाच्या शोधनिबंधातला आकडा उचलून लावू नका. त्यांचा संदर्भ इलेक्ट्रोड वेगळा असतो, सब्स्ट्रेट, म्हणजे थराखालची पट्टी, वेगळी असते.

लाट ओलांडून पुढे गेलं की दोन्ही आयन पृष्ठभागापर्यंत जितक्या वेगाने पोचतात तितक्याच वेगाने जमा होतात. तिथे पोटेन्शियलला फारसं विचारलं जात नाही, विसरण (आयनांचं द्रावणातून पसरत येणं) आणि संहती ठरवतात. थरात बिस्मथ आणि टेल्युरियम २:३ हवेत, आणि बाथमध्ये आपण ३:४ घेतले आहेत. हा फरक मुद्दाम आहे, कारण दोन्ही आयन पृष्ठभागावर सारख्या वेगाने येत नाहीत. थरात टेल्युरियम जास्त येतंय असं तपासणीत दिसलं तर व्होल्टेजच्या बटणाला हात न लावता बाथमधलं टेल्युरियम कमी करा.

थर

पोटेन्शियल शून्य ते उणे ०.१ व्होल्टच्या दरम्यान, तुमच्या लाटेला धरून. द्रावण स्थिर. प्रवाह चालू ठेवूनच पट्टी बुडवायची आणि चालू असतानाच बाहेर काढायची, म्हणजे आम्लात उघडं पडायची वेळच येत नाही.

वेळ मोजण्यापेक्षा विद्युतभार मोजा. एका रेणूसूत्राला १८ इलेक्ट्रॉन लागतात. रेणुभार ८००.८, घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.८६ ग्रॅम. हिशेब केला की १ चौरस सेंटिमीटरवर १ मायक्रोमीटर थराला सुमारे १.७ कूलोम लागतात. २ मिलिअँपिअरने ते १४ मिनिटांत होतं. हे आकडे सगळा प्रवाह थरावरच खर्च झाला असं धरून आहेत.

मिनिटांवर विसंबू नका असं म्हणायचं कारण आपला उन्हाळा. विसरणाचा वेग दर अंशाला दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात सकाळी सात वाजता प्रयोगशाळेत ३० अंश असतात, दुपारी ४३. पोटेन्शियल तेच ठेवून तेवढ्याच मिनिटांत दुपारी टाकलेला थर सकाळच्यापेक्षा चांगलाच जाड होतो, आणि वेगाने वाढल्यामुळे खडबडीतही. बीकर पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात ठेवा, थर्मामीटर बीकरमध्येच राहू द्या, आणि शक्य असेल तर सगळे थर सकाळीच उरका.

आणि कूलर बंद करा! विदर्भात उन्हाळ्यात हे सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे, पण कूलरचा झोत द्रावणाचा पृष्ठभाग हलवतो, स्थिर द्रावण स्थिर राहत नाही आणि प्रवाहाचा आकडा नाचायला लागतो. झोत थांबवायचा नसेल तर बीकरभोवती पुठ्ठ्याचं खोकं उभं करा. जिनिंगच्या हंगामात वरून झाकणही हवं. कापसाचा तंतू पट्टीवर चिकटला की तिथे थराला भोक पडतं.

चांगला थर करडा, थोडा मंद आणि एकसारखा दिसतो. काळी भुकटी आली आणि बोटाला लागली तर वेग जास्त झाला: पोटेन्शियल धनाकडे सरकवा किंवा प्रवाह कमी करा. कडांना झाडासारखे फाटे फुटले असतील तर उपाय तोच. पट्टीवरून पापुद्रा सुटला तर बहुधा स्वच्छतेत कसर राहिली आहे. काढल्यावर आधी १ मोलर नायट्रिकमध्ये क्षणभर बुडवा, मग पाण्यात, मग सुकवा. थेट पाण्यात घातलं तर चिकटलेल्या बाथमधलं बिस्मथ तिथेच पांढरं पडतं.

तिसरं मूलद्रव्य

दोन मूलद्रव्यांचा थर परत परत सारखा येऊ लागला की मगच सेलेनियम. टेल्युरियमच्या काही जागांवर सेलेनियम बसवलं की एन-प्रकारचा मिश्र अर्धवाहक मिळतो. थर्मोइलेक्ट्रिकमधलं प्रसिद्ध प्रमाण दोन बिस्मथला २.७ टेल्युरियम आणि ०.३ सेलेनियम. सुरुवातीचा बाथ: बिस्मथ ७.५, टेल्युरियम ९, सेलेनियम १ मिलिमोलर. २५० मिलिलिटरला सेलेनियम डायऑक्साइड २८ मिलिग्रॅम लागतं. कॉलेजचा तराजू १० मिलिग्रॅमपर्यंतच मोजत असेल तर ते तोलण्यात अर्थ नाही. १.११ ग्रॅम पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर करा, त्यातले २.५ मिलिलिटर पिपेटने घ्या, काम झालं. हे द्रव्य विषारी आहे. तोंडाने पिपेट ओढायची जुनी सवय अजून कुठे असेल तर ती इथे नको. पोटेन्शियल फार ऋण नेलं तर विषारी हायड्रोजन सेलेनाइड वायू सुटण्याचा धोका आहे, म्हणून उणे ०.२ च्या खाली जाऊ नका.

पी-प्रकारासाठी अँटिमनी घालतात, पण अँटिमनी नायट्रिक आम्लात टिकत नाही, त्याला टार्टारिक आम्लाची सोबत लागते. तो वेगळा बाथ आहे, आणि नवख्याने त्याची घाई करू नये.

तपासणी

एक्स-रे विवर्तन आणि मूलद्रव्यांचं विश्लेषण बाहेरच करावं लागतं. नागपूर-अमरावतीच्या विद्यापीठांत किंवा पवईच्या आयआयटीत चौकशी करा. तांब्याच्या एक्स-रे नळीवर बिस्मथ टेल्युराइडची ठळक शिखरं २७.७ आणि ४१.१ अंशांवर येतात. इलेक्ट्रोडिपॉझिशनच्या थरात बरेचदा दुसरं शिखर जास्त उंच असतं, म्हणून घाबरू नका. सेलेनियम दहा टक्के जागांवर शिरलं असेल तर हे ४१.१ चं शिखर सुमारे पाव अंश उजवीकडे सरकतं. पण नमुना यंत्रात जरा वरखाली बसला तरी शिखर सरकतं! खालच्या स्टीलचं ४३.६ अंशांजवळचं शिखर जागच्या जागी आहे का ते आधी बघा, मगच सेलेनियमबद्दल बोला.

यूव्ही-व्हिजिबल आलेखावरून बँड गॅप काढायला जाऊ नका. या द्रव्याचा बँड गॅप सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तो त्या यंत्राच्या कक्षेतच येत नाही. तरीही असे आलेख प्रबंधांत सापडतात.

घरच्या घरी होणारी परीक्षा तापलेल्या टोकाची. त्यासाठी थर आधी स्टीलवरून काढावा लागतो, नाहीतर मल्टिमीटर स्टीलचंच मापन करत बसतो. दोन ट्यूबवालं इपॉक्सी थरावर पसरवा, वर काचेची पट्टी दाबा, रात्रभर ठेवा, मग स्टील ओढून काढा. थर काचेवर येतो. आता मल्टिमीटरची धन तार सोल्डरिंग आयर्नने तापवलेल्या टोकाला आणि ऋण तार थंड बाजूला लावा. आकडा धन आला तर एन-प्रकार, ऋण आला तर पी-प्रकार. बाथमधून आलेला बिस्मथ टेल्युराइड बहुधा एन निघतो.

उरलेलं द्रावण

बिस्मथ-टेल्युरियमचा वापरलेला बाथ मोठ्या बीकरमध्ये घेऊन धुण्याचा सोडा चिमूटचिमूट टाका, फेस भरपूर येतो. सोडा निर्जल असेल तर २५० मिलिलिटरला सुमारे १३ ग्रॅम लागतात, स्फटिकी असेल तर जास्त. पीएच पेपरवर ५ ते ६ दिसलं की थांबा. जास्त सोडा घातला तर टेल्युरियम परत विरघळायला लागतं. रात्रीतून साका तळाशी बसतो. तो सुकवून झाकणाच्या बरणीत जमा करा. वरचं पाणीही लगेच फेकू नका, बादलीत साठवून वाफ होऊ द्या. आपल्या एप्रिलमध्ये याला वेळ लागत नाही. सेलेनियमचा बाथ असा साक्यात उतरत नाही, तो जसाच्या तसा वेगळ्या बाटलीत ठेवायचा. बरण्या भरल्या की नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवण्यासाठी प्राचार्यांकडून पत्र काढून घ्या. तोवर प्रत्येक बरणीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा: आत काय आहे, कोणत्या तारखेचं आहे, आणि ‘विष, सिंकमध्ये ओतू नये’. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली झाडायला येणारे मामा रासायनिक सूत्र वाचत नाहीत.